दाजी, बिशप आणि तिसरा नकार

"तुझं दाजी बसल्यात," अक्का फोनवर म्हणाली. सकाळची वेळ होती, मी उंब्रजच्या घरून रानातली मोटार सुरू करायला निघालो होतो. "बसल्यात म्हंजी?" मी विचारलं, आणि खरं सांगतो, मला आधी हसूच आलं. कारण दाजी कधी बसतच नसत. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, फोन तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. चाळीस वर्षांच्या संसारात अक्कानं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कोणतं, तर "आवं, बसा की जरा." तेव्हा ते आज बसलेत म्हणजे काहीतरी नवलच, असं मला वाटलं. "बुटं घातल्यात, पिशवी मांडीवर हाय, जतला निघालं हुतं... आन आता उठंनात रं," ती म्हणाली, आणि मग मला कळलं.

याला महिना-दीड महिना होऊन गेला. माणूस गेल्यावर लोक म्हणतात, सुटला, शांत झाला. दाजी शांत झाले असतील यावर माझा काडीचाही विश्वास नाही. ज्या कामासाठी त्यांनी त्या दिवशी बूट घातले होते ते काम राहून गेलं होतं, आणि अशा अर्धवट कामावर शांत होणारा तो माणूस नव्हता. तेव्हापासून मीही धड बसू शकत नाही. निदान लिहिताना तरी एका जागी टेकेन म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सांगलीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवायचे. वर्गात शिकवायचे ते अभ्यासक्रमातलं, मध्येच आपल्या आवडीचं थोडं घुसडून. पण त्यांचा स्वतःचा, जीव लावून केलेला अभ्यास होता तो मध्ययुगातल्या युरोपात मठाधिपती आणि बिशप कसे नेमायचे याविषयीच्या चर्चच्या कायद्यांचा. हे वाक्य मी आयुष्यात कितीतरी लोकांना सांगितलं आहे, आणि प्रत्येकानं माझ्याकडे 'बरा आहेस ना?' अशा नजरेनं पाहिलं आहे. तरुणपणी मिरजेच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे ते सायकलवरून लॅटिन शिकायला जायचे, तिथून हे खूळ लागलं. अक्काला बघायला आले तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, "शिक्षण कशात झालंय?" दाजींनी प्रामाणिकपणे सांगितलं. वडील बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि म्हणाले, "पर आपल्यात बिशप कोन व्हनार हाय?" दाजी म्हणाले, "मामा, मानूस त्योच हाय. नुसती टोपी येगळी." वडिलांना उत्तर आवडलं. पोरगी दिली.

त्यांच्याबरोबर फिरायला गेलं की हा विषय ऐकावाच लागे. मी मराठीचा मास्तर, मला सुरुवातीला कंटाळा यायचा. पण सांगायची हातोटी अशी, की कृष्णेच्या घाटावरून परत येईतो बिशप ओळखीचे वाटू लागायचे. बिशप म्हणजे नुसता पूजा सांगणारा नव्हे. त्याच्याकडे जमिनी, गावं, माणसं. तेव्हा राजाला वाटणारच की आपला माणूस त्या जागेवर हवा. राजे बिशपच्या बोटात अंगठी घालायचे, हातात काठी द्यायचे. काठी मेंढपाळाचीच, आपल्या धनगरांच्या हातात असते तशी, फक्त वरून वाकवलेली. चर्चवाले म्हणाले, अंगठी-काठी द्यायचा हक्क तुमचा नव्हे. त्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं, बहिष्कार, लढाया. "म्हणजे आपल्या कारखान्याच्या चेअरमनसारखं," मी म्हणायचो. "तसंच, पण चेअरमनला निदान मेल्यावर स्वर्गात जायची घाई नसती," दाजी म्हणायचे.

मग हळूहळू कायदे झाले. निवड करायच्या तीन रीती ठरल्या. सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी एकच नाव आलं तर तो देवाचा कौल. नाहीतर तीन विश्वासाच्या माणसांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन मत विचारायचं. तेही जमत नसेल तर चार शहाण्यांवर सोपवायचं आणि ते ठरवतील ते मान्य करायचं. जास्त मतं कुठे एवढंच बघायचं नाही, शहाणी मतं कुठे हेही बघायचं. इथे दाजी रस्त्यातच थांबायचे आणि माझी बाही धरायचे. "डोकी मोजायची का डोकं मोजायचं, सांग!" माझ्याकडे उत्तर नसायचं. त्यांच्याकडेही नव्हतं, म्हणून तर ते चालत राहायचे.

आता त्या मठाचं सांगतो. जत तालुक्यात, कर्नाटकच्या अंगाला, एक लहानसा मठ आहे. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. आसपासच्या पाच वाड्यांचा तो मठ. सगळा उघडा माळ, मेंढरं, पाऊस झाला तर ज्वारी, नाही झाला तर टँकर. लोक अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलतात. गादी म्हणजे एक काळी घोंगडी. ती बापाकडून मुलाकडे जात नाही. स्वामी गेले की पाच वाड्यांची माणसं जमून शिष्यांतला एक निवडतात. दाजींना याचं भारी अप्रूप. "हजार वर्षांपूर्वीचं जे मी पुस्तकात वाचतो, ते हितं चालू हाय गड्या," म्हणून ते वर्षातून दोन-तीनदा एस.टी.नं तिकडे जायचे. स्टँडवर त्यांना घ्यायला मोटारसायकल घेऊन यायचा तो शिवाप्पा. मठातच वाढलेला, आई-बाप नसलेला, तेव्हा पंचविशीतला गडी. जनावरांच्या दवाखान्यात कामाला होता. लशीची पेटी गाडीला बांधून वाड्यावाड्यांवर मेंढरांना सुया टोचत हिंडायचा. त्याच्या मागे बसून आले की दाजींच्या अंगाला आठवडाभर मेंढराचा वास येतो, अशी अक्काची तक्रार असायची.

बारा वर्षांपूर्वी जुने स्वामी गेले आणि पाच वाड्यांनी एकमुखानं शिवाप्पाचं नाव घेतलं. दाजी हरखून गेले. पहिली रीत! देवाचा कौल! मलाही ओढत बरोबर घेऊन गेले. तिथली चाल अशी, की निवडलेल्या माणसानं घोंगडीसमोर उघड्या जमिनीवर बसायचं. मठाचे कारभारी, म्हणजे बाळाप्पा नावाचे म्हातारे, तीन वेळा विचारतात, "गादी घेनार का?" पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा त्यानं 'ब्याड' म्हणायचं. ब्याड म्हणजे कानडीत नको. तिसऱ्यांदा मात्र मान खाली घालून गप्प बसायचं, की झाला होकार. पाहुणा जेवताना दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करतो, तसंच ते. शिवाप्पानं पहिल्यांदा 'ब्याड' म्हटलं, लोक हसले. दुसऱ्यांदा म्हटलं, बायकांनी हळदीकुंकवाची ताटं उचलली. बाळाप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं. शिवाप्पानं मान वर केली आणि स्पष्ट म्हणाला, "ब्याड."

असं कधी झालंच नव्हतं. कुणाला काय करावं सुचेना. आणि मग बाळाप्पांची नजर दाजींवर गेली. "सर, तुमी देसोदेसीचं वाचलंय. आसं कुटं झालंय का?" दाजी उभेच होते, ते तसेच पुढे झाले. त्यांचा चेहरा फुलला होता, तो मी विसरू शकत नाही. वर्षानुवर्षं वर्गातल्या पेंगणाऱ्या पोरांपुढे जे सांगत आले ते ऐकायला आज पाच वाड्या कान टवकारून बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की तिकडे जुन्या काळी एका साधूला बिशप करायचं ठरलं, तर तो पळून जाऊन लपून बसला. लोकांनी त्याला हुडकून, ओढून आणून गादीवर बसवलं, आणि त्याच्यासारखा बिशप पुन्हा झाला नाही. जो गादी मागतो त्याला ती देऊ नये, जो पळतो त्याला द्यावी, असं जुनी माणसं म्हणायची. "तीनदा न्हाई म्हणणारा म्हणजे तिप्पट लायक," दाजी म्हणाले. एवढंच हवं होतं. आरोळी उठली, चार गड्यांनी शिवाप्पाला काखेत धरून उचललं आणि घोंगडीवर ठेवलं. भंडारा उडाला. त्या पिवळ्या धुळीतून शिवाप्पा एकट्या दाजींकडे बघत होता. रागानं नव्हे. पोहता न येणारा माणूस काठावरच्या ओळखीच्या माणसाकडे बघेल तसा.

गादीवरच्या माणसानं मठाची शीव ओलांडायची नाही, असा तिथला नियम. काही महिन्यांनी दाजी गेले तर स्टँडवर न्यायला कुणी नव्हतं. शिवाप्पा मठाच्या कुंपणाच्या आतून फेऱ्या घालत होता, मोटारसायकल गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेली. त्यानं दाजींना बाजूला नेलं आणि विचारलं, "सर, तुमच्या कायद्यात चढायचं लय सांगितलंय. उतरायचं हाय का काय?"

त्या दिवसापासून दाजींच्या फेऱ्या वाढल्या. सांगलीच्या घरी पुढच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. दारापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत त्या फरशीवर एक गुळगुळीत पट्टा पडला आहे. ऊन आलं की तो वेगळा चमकतो. उतरायचा कायदा त्यांना सापडलाही. बिशपला पद सोडायला सहा कारणं चालत: हातून पाप घडलेलं असणं, शरीर थकणं, विद्या नसणं, प्रजा दुष्ट असणं, आपल्यामुळे मोठा बोभाटा होणं, आणि मुळात पात्रतेतच काही खोट असणं. दाजी एकेका खेपेला एकेक कारण घेऊन जतला जायचे आणि शिवाप्पाला ते लागू होतं का बघायचे. वकील जसा अशिलाला पढवतो तसं. पण हे अशील अतिप्रामाणिक. "पाप? सुई टोचताना एक मेंढरू दगावलं हुतं, तेवडंच," तो म्हणायचा. शरीर खणखणीत. विद्या पुरेशी. पात्रतेत खोट म्हणजे दोन लग्नं वगैरे, तर याचं एकही झालेलं नव्हतं, आणि गादीवर होणारही नव्हतं. "आन परजा दुष्ट म्हनाल तर सर, लोकं लय चांगली हाईत. त्योच तर तरास हाय. वाईट असती तर कवाच पळालो असतो." दाजी परत येऊन हे सांगायचे तेव्हा आधी हसायचे, मग फेऱ्या घालायला लागायचे. एकदा म्हणाले, "सहा कारणं हाईत, सहा! त्यात 'मला हे कधी नकोच हुतं' हे कारण न्हाई."

अक्का हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा तिचा संयम सुटला. हातातला पोळपाट तसाच घेऊन ती बाहेर आली. "आवं, कायदा कशाला हुडकताय? जाऊन सांगा की लोकास्नी, माजं चुकलं म्हनून!" दाजी फरशीच्या मधोमध थांबले. म्हणाले, "तसं नसतं गं. त्या लोकांनी त्याच्या पायावर पोरं घातलीत. त्याच्या हातनं लग्नं लावलीत. मी आता जाऊन चुकलं म्हटलं तर त्यांच्या त्या सगळ्याचं काय?" अक्का म्हणाली, "आन त्या पोराचं काय?" यावर दाजींनी फेरी पुन्हा सुरू केली. मला त्यांचा तेव्हा राग आला होता आणि अजूनही येतो. एवढा विद्वान माणूस, पण दोन शब्दांच्या वाक्याला भिऊन बारा वर्षं पुस्तकं चाळत राहिला.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. नेहमीसारखा चालतानाचा आवाज, मध्येच धाप. म्हणाले, "उद्या अमावास्या. मठात सगळी जमतील. सांगून टाकतो." काय सापडलं, असं मी विचारलं. "आरं, सापडायचं काय हुतं त्यात? पहिल्या दिवसापासनं माहीत हुतं मला. निवड झाली तरी त्या माणसाची संमती लागतीच. मुदतीत त्यानं होय म्हणावं लागतं. त्याचा नकार असंल तर ती निवडच न्हाई. साधा नियम हाय, पोरांना शिकवत आलोय. पण त्या दिवशी एवढी माणसं ऐकायला बसलेली बघितली आन... मी कथा सांगितली. कायदा सांगितलाच न्हाई." मी म्हटलं, मी येतो बरोबर. "नको," ते म्हणाले. "चुकलो तवा तू हुतास. कबूल करताना एकट्याला जाऊ दे." तोच आमचा शेवटचा संवाद. सकाळी त्यांनी बूट घातले, पिशवी घेतली, आणि पाहुण्यांसाठी म्हणून आणलेल्या वेताच्या खुर्चीत, कधी नव्हे ते, क्षणभर टेकले.

दिवसकार्य झालं. मला वाटलं, आता तो विषय त्यांच्याबरोबर गेला. पुढची अमावास्या आली तशी अक्का म्हणाली, "गाडी काड. जतला जायचंय." मी म्हटलं, अक्का, हे काय तुझे बाहेर पडायचे दिवस आहेत का, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "त्येंनी बुटं घातली हुती." एवढंच. मी गाडी काढली.

मठात माणसं जमली होती. शिवाप्पा घोंगडीवर बसला होता. दाढी आता पांढरी होऊ लागलेली. अक्का बायकांतून उठून पुढे गेली. आयुष्यात कधी चार माणसांपुढे न बोललेली माझी बहीण. पदर घट्ट धरून म्हणाली, "मी सरांची बायकू. त्येच येनार हुते, पर न्हाई जमलं. त्या दिवशी त्येंनी तुमास्नी गोष्ट सांगितली, कायदा न्हाई सांगितला. जो न्हाई म्हनतो त्येला बसवता येत न्हाई, आसा कायदा हाय. त्येंना ठावं हुतं. चुकलं त्येंचं." तिचा आवाज चिरकला पण ती खाली बसली नाही. एक म्हातारी मागून रडवेल्या आवाजात ओरडली, "मंग बारा वर्सं आमी कुनाच्या पाया पडलो गं बाई?" ज्याला दाजी बारा वर्षं भीत होते तो प्रश्न हाच. उत्तर शिवाप्पानं दिलं. "माज्या न्हाई आव्वा, ह्या घोंगडीच्या पडलासा. ती हाय हितंच."

बाळाप्पा आता पार वाकले आहेत. ते काठीच्या आधारानं उठले, घोंगडीसमोर आले. मग म्हणाले, "तिसऱ्यांदा इच्यारायचं ऱ्हायलंय. आमी तवा ऐकलं न्हाई. गादी घेनार का?"

"ब्याड," शिवाप्पा म्हणाला.

या वेळी कुणी मध्ये बोललं नाही. तो उठला, घोंगडीला डोकं टेकवलं आणि खाली मातीत उतरला. बायका रडत होत्या, दोन-तीन तरणे गडी रागानं निघून गेले. गोठ्यातून मोटारसायकल काढली तर ती कुठली सुरू होतेय! शेवटी ज्यांनी त्याला उचलून गादीवर ठेवलं होतं त्यांच्यातल्याच दोघांनी मागून ढकलली. शिवेपर्यंत ढकलत नेली. पुढे उतार होता, तिथे ती एकदम फुरफुरली आणि शिवाप्पा वळूनही न बघता गेला. झालं ते चांगलं झालं का, मला विचारू नका. तो दिसेनासा झाल्यावर सगळे परत फिरले, आणि त्या रिकाम्या घोंगडीकडे बघायला कुणी तयार नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी सांगलीला अक्काकडे होतो, तेव्हा शिवाप्पा आला. शर्ट-पँटमध्ये, दाढी काढलेली, गालांचा रंग कपाळाहून वेगळा. दारात अवघडून उभा राहिला. त्या वेताच्या खुर्चीवर दाजींनंतर कुणी बसलं नव्हतं; मी तर तिच्या जवळूनही जात नसे. अक्कानं तीच त्याच्यापुढे सरकवली. "बस बाबा," म्हणाली. तो बसला. अक्का चहा टाकायला आत गेली, आणि तेवढ्यात बसल्या जागी त्याचा डोळा लागला. पाय लांब पसरून, तोंड उघडं टाकून, भर दुपारी, निवांत.

एवढ्यात माझा फोन वाजला. बाळाप्पांचा होता. "मास्तर, गादी रिकामी हाय. म्होरल्याला कसं निवडायचं? सरांच्या पुस्तकात जरा बघून सांगा." दाजी सांगायचे, तीन महिन्यांत निवड झाली नाही तर हक्क वरच्याकडे जातो. पण या मठाला वर कुणीच नाही. बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. ती लॅटिन पुस्तकं माझ्या बापाला तरी वाचता येणार होती का? शिवाप्पाची झोप मोडू नये म्हणून चप्पल काढली आणि विचार करत कपाटाकडे गेलो, तिथून दाराकडे आलो, पुन्हा कपाटाकडे. पायाखाली फरशी गुळगुळीत लागत होती. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे.

"आवं, च्या झालाय," आतून अक्काचा आवाज आला, "बसा की जरा."

माझे पाय थांबले. आत भांड्याचा आवाजही थांबला. खुर्चीत शिवाप्पा संथ घोरत होता... मग मी पुन्हा चालायला लागलो, आत ऐकू जाईल एवढे पाय वाजवत.